घरची आणि विकतची

दापोडी, पुणे
१६ एप्रिल २०२४

चि. सरिता,
आशीर्वाद आणि जयभीम.

जयंतीच्या दिवशी तुम्हा तिघांना व्हिडिओवर पाहिलं. तुम्ही काय बोललात त्यातलं अर्धंही मला ऐकू आलं नाही, पण कान गेले असले तरी डोळे शाबूत आहेत. सुरभीनं नाचत नाचत एक बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. बाटलीवर कागद चिकटवलेला, त्यावर तिनं रंगवलेला सूर्य आणि खाली तिचं स्वतःचं नाव. मला वाटलं, सरबत असेल. मग खालची बारीक अक्षरं वाचली. बीअर. मैत्रेयनं घाईघाईनं तिच्या हातातून बाटली काढून घेतली, तेही मी पाहिलं.

सूनबाई, मला सरळ उत्तर दे. माझ्या मुलाच्या घरात दारू तयार होते का? आणि तिच्यावर माझ्या नातीचं नाव लावतात का?

तू दापोडीची नाहीस, म्हणून सांगतो. मी विशीत होतो तेव्हा आमच्या वस्तीमागं नदीकाठी हातभट्ट्या होत्या. सडलेला गूळ, नवसागर आणि आणखी काय काय. पिऊन माणसं आंधळी झालेली मी पाहिली आहेत. वस्तीतल्या बायका आणि आम्ही पोरं एक दिवस काठ्या घेऊन गेलो आणि सगळी मडकी फोडून टाकली. विहारात दरवर्षी मला ती गोष्ट सांगायला लावतात, यंदाही लावली. ती सांगून घरी आलो, आणि तुमचा फोन लागला.

मैत्रेयला मी लिहिणार नाही. लिहिलं तर वेडंवाकडं लिहीन. ज्यानं औषधशास्त्र शिकावं म्हणून मी नोकरीभर शाळेच्या वेळेआधी आणि नंतर शिकवण्या घेतल्या, त्यानं घरात भट्टी लावावी? लवकर उत्तर दे.

तुझा,
बाबा
(यादवराव)


टाकानिनी, ऑकलंड
२१ एप्रिल २०२४

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून आधी घाबरले, मग हसू आलं, मग पुन्हा घाबरले. भट्टी-बिट्टी काही नाही हो! गॅरेजमध्ये झाकणाची एक मोठी बादली आहे, बस. जवाचं सत्त्व, पाणी, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि यीस्ट एकत्र करून ठेवायचं, ते आपापलं फसफसतं. मग बाटल्या भरायच्या. जाळ लावून वाफ धरणं वगैरे काही नाही, त्यामुळे डोळे जाण्याचा प्रश्नच येत नाही. इथं घरच्यापुरती करायला कायद्याची आडकाठी नाही. आमच्या शेजारचे ग्रॅहम आजोबा चर्चमध्ये बाजा वाजवतात आणि घरी बीअर करतात. ज्यांच्याकडे शेड आहे त्यांचा हा छंदच आहे.

आता तुमच्यापासून लपवत नाही. आई गेल्या आणि मैत्रेयला वेळेवर पोचता आलं नाही, तेव्हापासून तो फार गप्प झाला होता. फार्मसीतून येताना दुकानातून क्राफ्ट बीअर आणायचा. लहान लहान ब्रूअरीवाले करतात ती, डब्यांवर छान छान चित्रं असलेली. आधी शुक्रवारी, मग बुधवारीही, मग रोजच. मी कटकट केली की म्हणायचा, अगं चव घेतोय. म्हणून त्याच्या वाढदिवसाला मीच ते किट आणून दिलं. मनात म्हटलं, स्वतः करायची तर आठवडेच्या आठवडे थांबावं लागेल, थांबावं लागलं की कमी पिईल, आणि हाताला काम लागलं की मनही थाऱ्यावर येईल.

आणि तसंच झालंय, खरंच. शनिवारी तो शिट्टी वाजवत बाटल्या धुतो. तुम्हाला माहीतच आहे, मोजमाप म्हणजे त्याचा जीव की प्राण. पाण्याचं तापमान, साखरेचं वजन, सगळं फार्मसीतल्यासारखं. सुरभीला सोबत घेतो, ती चित्रं काढते. नाव लावलं ते चुकलंच, मी ते कागद काढून टाकते.

त्याला रागावू नका, बाबा. कितीतरी दिवसांनी तो हसतोय.

तुमची,
सरिता


दापोडी, पुणे
२५ मे २०२४

चि. सरिता,
आशीर्वाद आणि जयभीम.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण राग उतरायची वाट पाहत होतो. या काळात तू सांगितलेलं सगळं नेटवर वाचून काढलं. तुझं बरोबर आहे, आमच्या भट्टीचा आणि याचा संबंध नाही. परदेशात शिक्षक, डॉक्टरसुद्धा हा उद्योग करतात, स्पर्धा भरवतात. मास्तराला चूक दाखवली की त्यानं खोडरबर हातात घ्यावं, एवढं मला कळतं.

परवा बुद्धपौर्णिमेला विहारात बसलो होतो. दारूला न शिवण्याचं पाचवं शील मी घेतलं आहे, ते माझं. दुसऱ्याच्या वतीनं कुणाला शील घेता येत नाही. मुलगा माझा असला तरी त्याचं आयुष्य त्याचं. आणि त्याची आई गेल्यावर मी इथं माणसांत होतो, तो तिकडं एकटा पडला, याचा विचार मी केला नव्हता.

सोबत त्याच्यासाठी वेगळं पत्र जोडलं आहे. त्यात एवढंच लिहिलंय की, तू हातानं करतोस, मोजून करतोस, थोडी करतोस, तर या बापाची हरकत नाही. दुकानातून आणण्यापेक्षा घरी केलेली बरी, हे तुझंच म्हणणं मी त्याला कळवलं आहे. त्याला दे. त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं ते मला लिही.

तुझा,
बाबा


टाकानिनी
१४ जुलै २०२४

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

उशीर झाला, माफ करा. वॉर्डात माणसं कमी आहेत, डबल ड्यूट्या लागताहेत.

तुमचं पत्र वाचून मैत्रेय रडला. मग त्यानं ते प्रिंट करून गॅरेजमधल्या फ्रिजवर लावलं. कुणी आलं की आधी ते दाखवतो, ‘माय डॅड्ज परमिशन’ म्हणून.

इथं आता कडक थंडी आहे. थंडीत गॅरेजमधलं यीस्ट झोपतं म्हणे, म्हणून बादली घरात आली आहे. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं ना, कपडे वाळवतो ते, तिथं. आता दोन बादल्या आहेत. सुरभीच्या शाळेच्या गणवेशाला यीस्टचा वास लागला. बाईंनी विचारलं, घरी बेकरी आहे का? ही म्हणाली, नो, माय डॅड मेक्स बीअर. वर्ग हसला म्हणे.

मागच्या आठवड्यात माउंट रॉस्किलला आमच्या मित्रांकडे, शिरीष आणि दमयंतीकडे जेवायला गेलो होतो. पुरुषांची मोठी सभाच भरली, बीअर विकत घ्यावी की घरी करावी. शिरीषचं म्हणणं, ज्यानं त्यात आयुष्य घातलं त्याच्या हातची विकत घ्यावी. चार डबे आणले की चार डब्यांत विषय संपतो. मैत्रेय म्हणाला, विकतची पितो तो गिऱ्हाईक, घरची करतो तो कारागीर. दमयंती म्हणाली, माझ्या श्रीखंडावर तुम्ही कधी इतकं बोलला नाहीत. सगळे हसले. येताना गाडी मी चालवली.

बाकी सगळं छान. तब्येतीला जपा.

तुमची,
सरिता


दापोडी
४ ऑगस्ट २०२४

चि. सरिता,
आशीर्वाद आणि जयभीम.

बेकरीचा किस्सा वाचून एकटाच हसलो. विहारात सगळ्यांना सांगितला. एकदोघांनी नाकं मुरडली, त्यांना मी म्हटलं, माझा मुलगा लपूनछपून काही करत नाही, बापाला विचारून करतो. तुम्ही तुमच्या पोरांचे खिसे तपासा.

मैत्रेयला म्हणावं, बापाच्या पत्राला दोन ओळींचं उत्तर तरी दे. फ्रिजवर लावलंस, छान. पण पत्र फ्रिजला लिहिलं नव्हतं.

तुझी पत्रं आता त्रोटक होताहेत. ड्यूट्या फार घेऊ नकोस. दोन बादल्या कशाला लागतात? ग्रॅहम आजोबांना देतो का? मला त्यातलं कळत नाही म्हणून विचारलं.

तुझा,
बाबा


ऑकलंड
६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बाबा,
जयभीम.

हे पत्र हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. घरी लिहिता येत नाही. मागच्या पत्रात मी ‘सगळं छान’ लिहिलं होतं. तेव्हाही काही छान नव्हतं.

आधी सुरभीचं सांगते. ती ठीक आहे. गेल्या शनिवारी दुपारी ती सायकल काढायला गॅरेजमध्ये गेली आणि शेल्फवरच्या बाटल्या फुटल्या. एक फुटली, तिच्या धक्क्यानं दुसरी, मग सगळ्याच. काच तिच्या पोटरीत घुसली. मी स्वतः नर्स आहे, पण तिचं रक्त पाहून माझे हात चालेनात. टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कसल्या बाटल्या? मी म्हटलं, घरी केलेली जिंजर बीअर, म्हणजे आल्याचं सरबत. मी खोटं बोलले, बाबा. ज्यांच्याबरोबर मी रोज काम करते त्यांच्याशी.

बाटल्या का फुटल्या ते ऐका. बाटली बंद करण्याआधी फेस यावा म्हणून तिच्यात मोजून साखर घालतात. त्यानं ती दोनदा घातली. पहिल्यांदा घातलेली त्याला आठवतच नाही. मला म्हणाला, साखर खराब असेल. बाबा, हा माणूस रोज लोकांची औषधं मोजून देतो. हृदयाची, फिटची, तान्ह्या बाळांची. तेव्हापासून मला धड झोप नाही. दुसऱ्या कुणाचा नवरा असता, तर हे कुठं कळवायचं ते मला पाठ आहे. माझ्या नवऱ्याचं कळवायला माझा हात उठत नाही.

मी हिशेबच चुकीचा केला होता. मला वाटलं, थांबावं लागेल म्हणून कमी पिईल. पण बादली एकदा तयार झाली की घरात बीअरच बीअर. आणि नवी बॅच भरायला रिकाम्या बाटल्या लागतात, म्हणून जुनी संपवायची. अगं, बाटल्या मोकळ्या करतोय, असं म्हणत तो सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसतो. दुकानातून आणायचा तेव्हा निदान डबे मोजता यायचे, मला दिसायचे. आता काही दिसत नाही. बोलायला गेलं की फ्रिजवरच्या तुमच्या पत्रावर बोट ठेवतो. बाबांना चालतं, तुला काय त्रास आहे? आणि तुम्हाला पटवलं तर मीच.

टाके घालून आलो आणि मी सगळं ओतून दिलं. फ्रिजमधल्या बाटल्या, दोन्ही बादल्या, सगळं गटारात. अख्ख्या ड्राइव्हवेला वास येत होता. ग्रॅहम आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. मैत्रेयही नुसता बघत राहिला. मग गाडीची किल्ली घेऊन गेला आणि डिकी भरून डबे घेऊन आला. सुरभी सोफ्यावर पाय वर करून बसली होती, तिच्यासमोर ते टेबलावर मांडले. मला म्हणाला, ‘घरची नको ना तुला? घे, ही विकतची आहे.’ आणि जाताना, येताना, गाडी त्यानंच चालवली होती. पिऊन.

वर्षभर आम्ही घरची बरी की विकतची बरी यावर भांडतोय. मी, तो, शिरीष, तुम्हीसुद्धा. काय मूर्ख माणसं आहोत आपण.

मला काही सुचत नाही. माहेरी सांगायची सोय नाही. तुम्ही त्याचे वडील आहात हे मला कळतं. तरी तुम्हालाच विचारते. मी काय करू?

सरिता


दापोडी
७ ऑक्टोबर २०२४

सरिता बाळा,

तू घराबाहेर पड. सुरभीला घेऊन आजच्या आज पड.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. पत्र वाचल्यावर विहारापर्यंत चालत गेलो, परत आलो, मग टाइप करायला बसलो. लोक म्हणतील, सासऱ्यानं सुनेचा संसार मोडला. म्हणू देत. मी त्यांना तोंड द्यायला समर्थ आहे.

मडकी फोडल्याची गोष्ट मी नेहमी सांगतो. त्यानंतर काय झालं ते कुणी विचारत नाही, म्हणून सांगायची वेळ येत नाही. तुला सांगतो. मडकी फुटली आणि पुढच्या पगाराला तीच माणसं नाक्यावरच्या दुकानासमोर उभी होती. त्यांत माझा थोरला भाऊ तुकाराम होता. घरची गेली, विकतची आली. वहिनी त्याच्याजवळ राहिली. आम्ही सगळे तिच्या सोशिकपणाचं कौतुक करत होतो, आणि ती वाळत चालली होती. दादा गेला, वर्षाच्या आत तीही गेली. तिला ‘तू जा’ असं एकानंही सांगितलं नाही. तुला मी सांगतोय.

तुझं ओतून देणं बरोबरच होतं, पण त्यानं तो सुधारेल ही आशा धरू नकोस. आणि नोकरीचं. त्यानं काम थांबवलंच पाहिजे. कुणाच्या बाळाला चुकीचं औषध गेलं, तर आपण दोघंही त्यातून सुटणार नाही. त्याला सांग, तू स्वतः कळव, नाहीतर मी कळवते. हात उठत नसेल, तर बाबांनी सांगितलं म्हणून कर. माझं नाव घे.

ते फ्रिजवरचं पत्र फाडून टाक. मी त्याला वेगळं लिहून ते मागं घेतो आहे. तू मला पटवलंस हे खरं, पण पटवून घेणारा मी होतो, आणि मला ते पटवून घ्यायचंच होतं.

कुठं राहशील? लगेच कळव. तू पोचल्याचं कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

बाबा


टाकानिनी
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय बाबा,
जयभीम.

तुम्हाला बरेच दिवस लिहायचं राहिलं. सरितानं तुम्हाला काय काय लिहिलंय मला माहीत नाही, पण चित्र एकतर्फी असणार याची कल्पना आहे. ती सुरभीला घेऊन माउंट रॉस्किलला तिच्या हॉस्पिटलमधल्या मृदुलाकडे जाऊन राहिली आहे. एका खोलीत दोघी. इथं चार खोल्यांचं घर रिकामं पडलंय. याला काही अर्थ आहे का?

दोन बाटल्या फुटल्या त्याचा एवढा बाऊ केला गेला. होमब्रूइंगमध्ये हे सगळ्यांच्या हातून कधीतरी होतं, कुणालाही विचारा. तरीही मी तिचं म्हणणं ऐकलं. बादल्या, बाटल्या, सगळं किट ऑनलाइन विकून टाकलं. आता घरात काहीच बनत नाही. फक्त विकतची, तीही क्वालिटीची. क्राफ्ट बीअर माणूस सावकाश पितो, चव घेत. खरं म्हणजे सुरुवातीला तेच बरं चाललं होतं. किटची कल्पना तिचीच होती, हे तिनं तुम्हाला लिहिलं का?

कामावरून सध्या रजा घेतली आहे. स्वतःहून. थोडी विश्रांती हवीच होती, हीप्स ऑफ स्ट्रेस होता. तुम्ही काळजी करू नका.

बाबा, ती तुमचं ऐकते. तिला एक ओळ लिहा, घरी परत जा म्हणून. तुम्ही माझ्या बाजूनं आहात हे मला माहीत आहे. तुमचं मे महिन्यातलं पत्र मी अजून जपून ठेवलंय. नंतरचं तुम्ही रागात लिहिलंत, ते मी मनावर घेतलं नाही.

तुमचा,
मैत्रेय


दापोडी
११ नोव्हेंबर २०२४

चि. मैत्रेय,

तुझ्या पत्राची मी मे महिन्यापासून वाट पाहत होतो. ते आलं. पुन्हा पुन्हा वाचलं. सुरभीच्या पायाबद्दल त्यात एक ओळ नाही.

घरची सोडून विकतची धरली, ही बातमी म्हणून मला सांगतोस? आता तू विकतची आणलीस काय आणि घरी केलीस काय, मला त्यात काही ऐकायचं नाही. मीही काही दिवस त्या चर्चेत रमलो होतो. आता पुरे.

सरिताला मी परत जा म्हणणार नाही. मीच तिला घर सोडायला सांगितलं. तिनं तुला हे सांगितलं नसेल, कारण तिला तुझ्या-माझ्यात वितुष्ट नको आहे. मी सांगतो. तू रजा घेतली नाहीस, तुला घ्यायला लावली, हेही मला ठाऊक आहे.

मी तुझ्या बाजूनं आहे. म्हणूनच तिला जा म्हटलं. तू मला हवा आहेस, मैत्रेय. मी म्हातारा आहे, माझ्यामागं तू राहावास एवढीच माझी इच्छा आहे, आणि तेही आता धड होईल की नाही याची मला भीती वाटते. रागावलो नाही. घाबरलो आहे. डॉक्टरकडे जा. पाया पडतो तुझ्या.

बाबा


माउंट रॉस्किल
२ डिसेंबर २०२४

आदरणीय बाबा,
जयभीम.

काल जे झालं ते सगळं जसंच्या तसं लिहिते.

मैत्रेयचा आठवडाभर रोज मेसेज येत होता, सुरभीला भेटू दे. मी म्हटलं, भेट, पण माणसांत भेट. म्हणून काल सकाळी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात बोलावलं. आम्ही बसनं गेलो. तो आधीच येऊन थांबला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात सुरभीसाठी मक्याची कणसं. तुमचं पत्र मिळालं, एवढंच म्हणाला. बोलणं स्वच्छ, पावलं सरळ. माझ्या मनात आलं, बाबांच्या पत्रानं केलं काम. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी भाजीवाल्याकडे उगीचच मेथीच्या चार जुड्या घेतल्या.

तासभर हिंडलो. सुरभी त्याचा हात धरून होती. निघताना तो म्हणाला, ऊन फार आहे, गाडीनं सोडतो दोघींना. मी काही बोलायच्या आत सुरभीनं त्याच्या गळ्यात हात टाकले, त्याला खाली ओढलं आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. मला वाटलं, पापा घेतेय. मग माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाली, ‘ही’ज फाइन टुडे, मम. वी कॅन गो.’

मला कळेचना. मी विचारलं, हे काय केलंस? ती म्हणाली, आय ऑल्वेज चेक. शाळेतून आणायला पप्पा यायचा तेव्हापासून. वास आला की ती त्याला सांगायची, मला आज मैत्रिणीबरोबर चालत यायचंय. आणि हा सगळ्यांना कौतुकानं सांगायचा, आमच्या मुलीला चालायची भारी आवड आहे. ती मैत्रीणबित्रीण कुणी नव्हती, बाबा. नऊ वर्षांची पोर एकटी चालत घरी यायची. आणि मला बोलली नाही, कारण मम आधीच खूप रडते.

मैत्रेय ऐकत होता. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. तो तिथंच, भाजीच्या खोक्यांशेजारी, फुटपाथवर बसला आणि गाडीची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. म्हणाला, ‘सरिता, आज पण घेतलीय. येण्याआधी, गाडीत. व्होडका आहे. बीअर बंद केली, कारण बीअरचा वास येतो.’

बाबा, तो सरळ चालत होता. मी नर्स, मला कळलं नाही. तुमच्या पत्रावर मी खूश झाले होते. आणखी दोन मिनिटांत मी माझ्या मुलीला त्या गाडीत बसवणार होते.

मग काय झालं ते फार नाही. आजूबाजूला माणसं भाव करत होती, हा माणूस मान खाली घालून रडत होता. एका सामोअन बाईनं काही न विचारता त्याला पाण्याची बाटली दिली. गाडी तिथंच सोडून आम्ही तिघं बसनं आलो. आज सकाळी त्यानं स्वतः डॉक्टरला फोन केला, माझ्यासमोर. ‘आय अ‍ॅम अ‍ॅन अल्कोहोलिक’ म्हणायला त्याला फार वेळ लागला, पण म्हणाला. दुपारी मी त्याला ॲडमिट करून आले. पुढं काय होईल मला माहीत नाही. मी परत टाकानिनीला जाणार नाही, हे त्याला सांगितलंय. तो हो म्हणाला.

तिथून आल्यापासून आम्ही दोघी एका पलंगावर पडून आहोत. सुरभी त्याच्याबद्दल काही विचारत नाही. तिचा एकच प्रश्न आहे, पुन्हा पुन्हा तोच. ‘बट आय चेक्ड, मम. आय चेक्ड प्रॉपर्ली. मग मला कळलं का नाही?’

तिला वाटतंय, चूक तिच्याकडून झाली. बाबा, तिला मी काय सांगू?

तुमची,
सरिता